पेटी, किल्ल्या आणि वही : आपल्या महिला संघाची वाटचाल

संघाचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण तारखेची येते. नोंदणीची तारीख प्रमाणपत्रावर आहे, वर्धापनदिन आपण त्याच तारखेला करतो. पण काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. माझ्या आईकडे संघाच्या जुन्या वह्या आहेत. त्यांतल्या पहिल्या वहीत बचत, व्याज, हप्ता यांतला एकही शब्द नाही. कोणाच्या घराचा कोणता कोपरा पडला, खांब किती शाबूत आहेत, सिमेंटची पोती किती उचलली, अशा नोंदी आहेत. पैशाचा हिशेब पुढच्या वह्यांत येतो. स्मरणिका समितीने हे काम मला दिलं ते या वह्यांमुळेच, आणि यंदा आईने कोषाध्यक्षपद सोडलं म्हणूनही. तिचा सत्कार समारंभात होईलच. इथे वह्यांत जे आहे ते सांगते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावोगावची तरुण मंडळं गणपती बुडवून उशिरा घरी आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सरकारी हिशेबाने सुमारे ८,००० माणसं गेली. आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूर, होळी, पेठसांगवी या गावांनी काय सोसलं ते नव्याने सांगायला नको. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. मंत्री, पत्रकार, परदेशी पाहुणे त्या गावांकडे गेले आणि ते योग्यच होतं.

आपलं गाव त्या यादीत नव्हतं. तुळजापूर तालुक्याच्या नळदुर्गकडच्या या पट्ट्यात माणसं वाचली, घरं मात्र खिळखिळी झाली. भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा, कोपरे सुटलेले, माळवद एका बाजूला झुकलेलं. अशा घरांत लोक परत झोपायला तयार नव्हते. पावसात, थंडीत पत्र्याखाली आणि ताडपत्रीखाली संसार चालले. अशी घरं एकदोन गावांत नव्हती. दोन्ही जिल्ह्यांत आणि त्यांच्या आसपास मिळून हजाराहून जास्त गावांत होती. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने जो पुनर्वसन कार्यक्रम आखला, त्यात या गावांसाठी ‘दुरुस्ती आणि मजबुतीकरण’ असा वेगळा भाग होता. आपल्या संघाचं मूळ त्या कंटाळवाण्या सरकारी नावात आहे.

आता घराविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण आजच्या स्लॅबच्या घरात वाढलेल्या मुलींना ते माहीत नसतं. आपली जुनी घरं दगड-मातीची. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण ती एकसंध नव्हती. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर, मधे खडे आणि माती. दोन थरांना एकमेकांत अडकवणारा लांब आडवा दगड पूर्वीचे गवंडी ठरावीक अंतरावर घालत. पुढे मजुरी वाचवायला तो घालणं सुटलं. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. घर गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी वरून नवी पांढरी माती टाकायची, जुनी कोणी काढायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले. उन्हाळ्यात घर गार राहायचं, थंडीत उबदार. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर दोन दिशांना सुटले आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. ज्या वाड्यांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही काही ठिकाणी छत उभं राहिलं. म्हणून दुरुस्ती म्हणजे भेगा लिंपणं नव्हतं. माळवदावरची माती उतरवायची, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालायचे, कोपरे बांधून घ्यायचे, खांब-तुळईच्या जोडाला तिरके आधार द्यायचे, भिंतीवर सळया घालून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा.

हे घराघरात समजावून कोण सांगणार? इंजिनिअर एक, गावं अनेक. पैसे हप्त्याने मिळणार, काम बघून पुढचा हप्ता. पुरुषमाणसं कामधंद्यापायी बाहेर. इथे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली. संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी त्याआधी मुंबईत ‘स्पार्क’ संस्थेत झोपडपट्टीतल्या बायकांबरोबर काम केलं होतं. घर बांधायचं की सुधारायचं हे त्या घरात दिवसभर राबणाऱ्या बाईला विचारा, असा त्यांचा साधा आग्रह होता. लोकसहभागाची जबाबदारी सरकारने या संस्थेकडे दिली आणि गावोगावच्या महिला मंडळांमधून बायका निवडल्या गेल्या. त्यांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’.

आपल्या गावात महिला मंडळ होतं, पण कागदावर. वर्षातून एकदा हळदीकुंकू, कधीतरी शिलाई मशीनच्या योजनेचा अर्ज. गावात पुरुषांसाठी तालीम होती, भजनी मंडळ होतं, तरुण मंडळ होतं, सेवा सोसायटी होती, पारावर बसायची जागा होती. एकमेकांच्या अडीअडचणीला धावायचं आणि वर्गणी काढायची, ही त्यांची रीत जुनी. बायकांना तसं काही नव्हतं, विहीर आणि नदीचा घाट सोडला तर. आणि नळ आल्यावर तेही गेलं.

आईची निवड झाली कारण ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि तिचं अक्षर वाचता येत होतं. दुसरं काही विशेष कारण नव्हतं. आजी म्हणाली, “घरचं सोडून लोकाच्या भिती मोजाय जालालीस व्हय?” आई गेली. सोबतीला दुसऱ्या वाड्यातली आक्का होती, तिला लिहिता येत नव्हतं पण हिशेब तोंडपाठ. दोघींनी मिळून गावातलं प्रत्येक घर पाहिलं. पहिल्या वहीतली नोंद अशी: मालकाचं नाव, खण किती, खांब किती, भेग कुठे, माती उतरवली की नाही. ‘नाही’ हा शब्द पुष्कळदा आहे, कारण माती उतरवायला लोक तयार नव्हते. घर गळेल ही भीती भूकंपाच्या भीतीपेक्षा जवळची होती.

गवंड्यांशी तिची भांडणं गावात आजही सांगितली जातात. एकाने आरपार दगड न घालताच भिंत कंबरेपर्यंत चढवली. आईने विचारलं तर तो म्हणाला, “बाई, तुमाला यातलं काय कळतंय?” आई म्हणाली, “न्हाई कळत, तवा तर इचारलालाव. दगुड कुठाय ते दावा.” भिंत उतरवून पुन्हा बांधली गेली. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी असं झालं नाही. बऱ्याच घरांनी जुन्या भिंतींचा नाद सोडला आणि मिळालेल्या पैशात शेजारी एक नवी, पट्टा घातलेली खोली बांधली. आसपासच्या गावांतही पुष्कळांनी हेच केलं. कागदावर तो मजबुतीकरणाचा कार्यक्रम राहिला, गावांत मात्र एकेक सुरक्षित खोली उभी राहिली. त्यात चूक काही नाही. रात्री निर्धास्त झोपायला एक खोली पुरते.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. भूकंपाच्या पाचच महिने आधी, २४ एप्रिल १९९३ ला, ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती. पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा आणि ग्रामसभेला कायद्यात स्थान. कायदा दिल्लीत झाला तरी आपल्या ग्रामसभेत बायका यायच्या त्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीआड उभ्या राहायला. लाभार्थ्यांची यादी वाचायची वेळ आली तेव्हा सगळ्या घरांची माहिती ज्या वहीत होती ती आईच्या हातात होती. ती वाचायला उभी राहिली. यादीतली दोन नावं चुकीची आहेत असं तिने सांगितलं आणि सभेत गोंधळ झाला. पुढच्या सभेला बायका भिंतीआडून पुढे सतरंजीवर येऊन बसल्या. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता.

१९९८ मध्ये कार्यक्रम संपला. मानधन थांबलं, कार्यालयं आवरली, गाड्या यायच्या बंद झाल्या. अशा वेळी बहुतेक समित्या विरून जातात. आपल्याकडे बायकांनी घरी बसायला नकार दिला; त्यांना आता एकत्र बसायची सवय लागली होती. पण बसायला निमित्त हवं. बचत हे निमित्त झालं. नाबार्डने १९९२ पासून बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली होतीच, आणि सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हांनी १९९७ मध्ये बायकांची माणदेशी बँक उभी केली होती. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बैठकांत सखी गटांची रचना ठरली: गावात गट, गटांचा समूह, तालुक्याचा आणि जिल्ह्याचा महासंघ. आपला संघ त्याच घडणीतला.

पेटीची गोष्ट इथे सांगायला हवी. पत्र्याची ती हिरवी पेटी प्रदर्शनात मांडली आहे. तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तिघींकडे, तिघीही वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या, आणि पेटी चौथीच्या घरी. तिघी आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. बैठक जेवणं आवरल्यावर, रात्री. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, आईने आकडा मोठ्याने वाचायचा, मग लिहायचा, मग जिने पैसे दिले तिने तो परत म्हणून दाखवायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना आपला आकडा पाठ असायचा, आणि शेजारणीचाही. गटात अफरातफर झाली नाही याचं श्रेय सगळे प्रामाणिकपणाला देतात. माझ्या मते श्रेय त्या मोठ्याने वाचण्याला आहे. गावातला सावकार महिन्याला शेकडा पाच घ्यायचा, गटाने दोन ठरवले. वहीत कर्जाची कारणं लिहिलेली आहेत: बाळंतपण, पेरणीचं बी, मुलाची फी, शेळी, पुन्हा बाळंतपण, सासऱ्याचं दिवसकार्य. शेवटच्या कारणावर वाद झाला होता. मेलेल्यासाठी कर्ज द्यायचं का? बायकांनी दिलं, पण अर्धंच.

बँकेत खातं काढायला गेल्या तेव्हा एका अधिकाऱ्याने “घरचे पुरुष कोणी आलेत का?” असं विचारलं. त्या बँकेचं नाव मी घेत नाही. आज तीच शाखा गटांना कर्ज द्यायला स्वतः गावात येते.

सगळंच गोड नव्हतं. बैठक पाळीपाळीने प्रत्येकीच्या घरी घ्यायची असं ठरलं तेव्हा पहिली खरी कसोटी लागली. पाळी भीमनगरात गेली आणि त्या रात्री हजेरी निम्म्यावर आली. वहीत गैरहजेरीचा दंड लिहिलेला दिसतो, कारणाची जागा कोरी आहे. पुढच्या महिन्यात पाळी मातंग वस्तीत होती. आई दंडाच्या पावत्या घेऊन घरोघरी फिरली. दोघी गट सोडून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. बाकीच्या आल्या, काही चहा न घेता उठल्या, पुढे कधीतरी घ्यायला लागल्या. या विषयावर आई अजूनही फार बोलत नाही. “नियम नियम अस्तो,” एवढंच म्हणते.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या. भाषा येत नसताना भिंत कशी बांधायची, यादीत नाव कसं तपासायचं, हप्त्यासाठी कोणाकडे जायचं हे खुणांनी आणि दुभाष्यांमार्फत सांगितलं. आपल्या तालुक्याचा हा मोठा मान होता. आई गेली नाही. घरात आजी अंथरुणावर होती आणि धाकटा भाऊ लहान. गेलेल्यांचे फोटो स्मरणिकेत आहेत. त्या बाहेर असताना गावात वसुली, बैठका, बँकेत भरणा कोणी केला ते वहीतल्या अक्षरावरून कळतं. कोणत्याही संस्थेत अशी दोन प्रकारची माणसं लागतात. सत्कार पहिल्या प्रकारच्यांचे होतात. जोतीराव फुले गेल्यावर सत्यशोधक समाज सावित्रीबाईंनी चालवला आणि १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेचं अध्यक्षपदही भूषवलं, हे किती भाषणांत ऐकायला मिळतं? शाळेच्या गोष्टीपुढे आपण जातच नाही.

दुष्काळाची वर्षं आली तेव्हा संघाचं काम शेतीकडे वळलं. २०१२ नंतरचे ते उन्हाळे कोणी विसरलेलं नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. शेतात सगळीकडे सोयाबीन, आणि पाऊस गेला की सगळंच गेलं. बाजारातून आणायला पैसा नाही म्हणून ताटातली भाजी आणि डाळ आधी कमी झाली, आणि ती कोणाच्या ताटातली हे सांगायला नको. सखी गटांनी तेव्हा एक एकराचं सूत्र पुढे आणलं: घरच्या जमिनीतला एक एकर, तेवढा नसेल तर अर्धा, बाईच्या ताब्यात द्या, त्यात काय पेरायचं ते ती ठरवेल. गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांनी ही शेती गावागावांत नेली. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांनी कोंबड्या, शेळ्या आणि छोट्या व्यवसायांत शेकडो बायकांना उभं केलं आणि त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. याच कामासाठी स्वयं शिक्षण प्रयोगाला २०१६ चा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आमच्या घरात एक एकराचा विषय निघाला तेव्हा वडील चार दिवस बोलले नाहीत. गावाच्या घरांच्या याद्या बायकोने वाचल्या तेव्हा त्यांना अभिमान वाटला होता. घरच्या जमिनीची गोष्ट वेगळी. शेवटी विहिरीपासून लांबचा, मुरमाड तुकडा मिळाला. आईने त्यात तूर, मूग, उडीद, ज्वारी, बांधाला चवळी आणि घेवडा, ओलीजवळ मेथी-पालक असं मिसळून लावलं. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून केलेलं जीवामृत घातलं. पहिल्या वर्षी फार काही आलं नाही. पण जे आलं ते विकत आणावं लागलं नाही, आणि सोयाबीन गेलेल्या वर्षीसुद्धा डबा रिकामा राहिला नाही. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव आजही नाही. ही गोष्ट स्मरणिकेत छापली जावी असं मला वाटतं, कारण आपल्या बहुतेक घरांत तशीच स्थिती आहे आणि संघाने जमिनीच्या नावनोंदणीचा विषय नेटाने कधी धरला नाही.

प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्या शोकसभेत आई बोलायला उभी राहिली आणि पहिल्या बैठकीची तारीख, जागा, उपस्थिती सांगून खाली बसली. भाषण तिला कधी जमलं नाही.

आजच्या स्थितीबद्दल लिहिणं समितीतल्या काहींना आवडणार नाही, तरी लिहिते. राज्यात २०११ मध्ये सरकारचं ‘उमेद’ अभियान आलं, गावोगाव गट झाले, त्यांची संख्या आपल्या वेळच्या कितीतरी पट आहे. पैसाही जास्त आहे. पण बैठक होते का? पुष्कळ गटांत सही घरी पाठवली जाते, वही एकटी सचिव भरते, आकडा मोठ्याने वाचला जात नाही. खाजगी फायनान्स कंपन्यांचे वसुलीवाले आठवड्याला दारात उभे असतात. एकीच्या डोक्यावर दोन-दोन तीन-तीन कर्जं, आणि शेजारणीला पत्ता नसतो. पूर्वी शेजारणीला आकडा पाठ होता. मोबाइलवर नोंदी आल्या हे चांगलंच झालं, नव्या कोषाध्यक्ष ते झपाट्याने करतात. फक्त एक करावं: महिन्यातून एकदा सतरंजी अंथरून सगळ्यांचे आकडे सगळ्यांसमोर वाचावेत. त्याला खर्च येत नाही.

आता एक विनंती. आपल्या संघाच्या १९९४ ते २००५ या काळातल्या वह्यांपैकी काही सापडत नाहीत. आसपासच्या गावांतल्या गटांचंही तसंच आहे. संवाद सहायक म्हणून काम केलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या, काही गेल्या, आणि त्यांच्या ट्रंका सुनांनी आवरल्या. ज्यांच्या घरी जुनी पासबुकं, हजेरीच्या वह्या, घरदुरुस्तीच्या याद्या किंवा ग्रामसभेतले फोटो असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. संघाच्या कार्यालयात बुधवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारपर्यंत कोणीतरी असतं. कागदाची छायाप्रत काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत दिली जाईल.